एल्म हाऊसच्या भिंतीवरची सोळावी पाटी

डॉ. लुडविक जे. व्होंड्राचेक
पशुवैद्य व संशोधक
डुकरांच्या तापावरील लसीचे जनक
एल्म हाऊसचे बंधू, १९५३

एवढाच मजकूर, पितळेवर कोरलेला. पाटी रीसच्या आजोबांची; तो त्यांना देदा म्हणे. पाटीवर निळं कापड टाकण्याआधी रीसनं तिचा फोटो काढून आणला होता. आता तो फोन मोटेलच्या नाश्त्याच्या टेबलावर, सिरपच्या बाटलीला टेकून उभा होता.

"डॅड, देदांना खूण येत नाही."

कर्टिस वॉफलच्या यंत्रात पीठ ओतत होता. होमकमिंगचा शनिवार होता. साऱ्या आयोवातले टकले आणि पोट सुटलेले माजी विद्यार्थी लाल स्वेटर घालून गावात उतरले होते, आणि त्यातले निम्मे या एका यंत्रापुढे रांग लावून उभे होते.

"कसली खूण?" त्यानं विचारलं. विचारताना त्याचा आवाज इतका साधा निघाला की त्याचं त्यालाच कसंसं वाटलं.

"कसली म्हणजे? हाताची. आपली." रीसनं आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. एकोणीस वर्षांचा पोरगा, मार्चमध्ये शपथ घेऊन एल्म हाऊसचा बंधू झालेला. एल्म हाऊस म्हणजे कॉलेजातल्या मुलग्यांचं जुनं मंडळ, आणि ही खूण फक्त त्याच्या बंधूंनाच ठाऊक. "काल संध्याकाळी व्हरांड्यात मी त्यांचा हात धरला. खूण दिली. काही नाही. पुन्हा दिली. काही नाही."

"त्र्याण्णव वर्षांचे आहेत ते, रीस. बोटं वळत नाहीत."

"शर्टाची बटणं स्वतः लावतात."

"सांधे दुखतात त्यांचे."

"तिसऱ्यांदा दिली तर म्हणाले, सोड की बाळा, गाईची धार काढतोयस का माझ्या हाताची? आणि ते डॉक्टर हार्लन! नाकात ऑक्सिजनची नळी, चाकाची खुर्ची. माझं नाव विचारायच्या आधी खूण दिली त्यांनी. डॅड, पंचाण्णव वर्षांचे आहेत ते."

यंत्र किंचाळलं. वॉफल झाला होता. मागचा माणूस म्हणाला, "उलटं करा हो, जळेल."

कर्टिसनं यंत्र उलटं केलं.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, शपथ घेऊन तो एल्म हाऊसच्या हिरवळीवर आला होता. वडील राखाडी हॅट घालून झाडाखाली उभे होते. कर्टिस धावतच गेला होता. त्यानं हात पुढे केला, नुकती शिकलेली खूण दिली, आणि वडिलांचा हात आला. साधा हात. डुकरांचा सौदा ठरल्यावर शेतकरी देतात तसला, घट्ट, प्रेमळ, आणि पार अडाणी. त्या दिवशी कर्टिसनं ठरवलं की ताता आपली परीक्षा घेतायत: उघड्यावर खूण द्यायची नसते ना. पुढच्या वर्षी ठरवलं की ते विसरले. मग ठरवलं की एवढ्या मोठ्या माणसाला असल्या पोरखेळाचं काय. दर काही वर्षांनी जुनं कारण विटायचं आणि तो नवं शिवून घ्यायचा. पण त्यानं वडिलांना ती खूण पुन्हा कधी दिली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही.

"कसली खूण?"

मार्ला होती. त्याची धाकटी बहीण, तेहतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेली. एका हातात दही, दुसऱ्यात वडिलांच्या गोळ्यांची डबी. दोघंही गप्प झाले.

"अरे वा. पुन्हा तेच." तिनं खुर्ची ओढली. "आपल्या घरात पुरुषाला शिंक आली तरी ती गुप्त. सांगता का मी ताताला विचारू?"

"आत्या, हे बायकांना सांगत नाहीत," रीस ओशाळून म्हणाला.

"मग नको सांगूस. मी सांगते. तुमचं ते हातात हात घालून काहीतरी असतं, आणि ते ताताला येत नाही. येणार कुठून? ते तिथं भांडी घासत होते."

रीसनं तिच्याकडे बघितलं. मग बापाकडे. बापाच्या चेहऱ्यावर जे दिसायला हवं होतं ते दिसलं नाही, म्हणून तो बघतच राहिला.

"तुला कोणी सांगितलं?" कर्टिसनं विचारलं.

"आईनं. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात. तीन वर्षं मोऱ्या आणि पातेली, जेवणाच्या बदल्यात. सभासद कसले? पुढच्या दारानं यायची परवानगी नव्हती. मला म्हणाली, कर्टला सांगू नकोस, त्याचं काळीज फुटेल. एल्म हाऊस म्हणजे देव्हारा त्याचा."

"अकरा वर्षं झाली आईला जाऊन."

"हो. अकरा वर्षं मी तुझं काळीज सांभाळतेय. तुला माहीत होतं?"

"मला वाटायचं तुला माहीत नसेल."

"थांबा," रीस म्हणाला. "थांबा. म्हणजे तुम्हा दोघांनाही माहीत होतं? आणि मला तुम्ही तिथं पाठवलंत? डॅड, मला मत न घेता घेतलं त्यांनी! सभासदाच्या मुलाला, नातवाला मत लागत नाही म्हणून. तुलाही तसंच घेतलं. मग आपण कोण आहोत?"

मार्लानं पर्समधून पेन काढलं आणि कागदी रुमालावर काहीतरी लिहून तो रुमाल फोनशेजारी उभा केला.

लुडविक व्होंड्राचेक
या घरात तीन वर्षं भांडी घासली
ये-जा मागच्या दारानं
लस त्यानंतर

"ही पाटी लावा. मी टाळ्या वाजवीन."

"आत्या, मला तिथं अजून दीड वर्ष राहायचंय!" रीस जवळजवळ ओरडला. शेजारच्या टेबलावरचे दोन लाल स्वेटर वळले. तो पुन्हा खाली आला. "प्लीज. चार तासांचा प्रश्न आहे. कापड निघेल, टाळ्या होतील, हॅम खाऊ, घरी जाऊ. एवढी वर्षं कोणी बोललं नाही, अजून एक दुपार गप्प बसलं तर कोणाचं काय जातं?"

कर्टिसला हायसं वाटलं. आपल्याला जे म्हणायचं होतं ते पोरानं म्हटलं. आणि हायसं वाटलं याची जी लाज वाटली, ती वॉफलच्या घासाबरोबर खाली जाईना.

*

लुडविक पलंगाच्या कडेला बसले होते. कोट, टाय, बूट, सगळं चढवून. फक्त बुटांच्या नाड्या सुट्या होत्या. मार्ला सवयीनं खाली बसली आणि नाड्या बांधू लागली. रीस दाराशी उभा राहिला.

"तिघं आलात," म्हातारा म्हणाला. "कोणी मेलं का?"

"रीसनं काल तुम्हाला खूण दिली, ताता," कर्टिस म्हणाला.

"हां. मला वाटलंच ते तसलं काहीतरी असणार." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. "तूही एकदा दिली होतीस. झाडाखाली. तेव्हा मला वाटलं, संपलं. पण तू काही बोलला नाहीस. चांगला मुलगा, मी म्हटलं."

कर्टिसला कोणीतरी आपल्याला भर बाजारात उघडं केल्यासारखं वाटलं. सत्तेचाळीस वर्षं तो समजत होता की हे आपल्या एकट्याचं ओझं आहे.

"आईनं मला भांड्यांचं सांगितलं," मार्ला जमिनीवरून म्हणाली. "त्यात लाजण्यासारखं काय होतं? आम्ही अभिमानानं सांगितलं असतं."

"भांड्यांची लाज नाही गं मला."

"मग?"

खाली रस्त्यावरून कॉलेजचा बँड तालीम करत चालला होता. ढोल जवळ आला आणि दूर गेला.

"दोघं होतो आम्ही. मी आणि वेन्डेल टिबेट. धान्याच्या दुकानावर एक खोली होती आमची. दोघांत एक ओव्हरकोट. ज्याचा तास लवकर, त्याचा कोट. मला छातीत पाणी झालं तेव्हा त्यानं तीन आठवडे माझी पण पातेली घासली, माझं जेवण बंद होऊ नये म्हणून. स्वयंपाकीणबाईंना सांगायचा, लुड मागं आहे, लाकडं फोडतोय."

"आणि फोटो?" रीसनं विचारलं. एल्म हाऊसच्या जिन्यात लावलेला त्रेपन्न सालचा फोटो त्यानं रोज बघितलेला. शेवटच्या रांगेत टोकाला आजोबा.

"फोटोवाला म्हणाला, मागची रांग उजवीकडे रिकामी दिसतेय, दोघं कोणी उभे करा. बाईंनी आम्हाला हाक मारली. ॲप्रन काढा आणि जा म्हणाल्या. गेलो. ऐन वेळी वेन्डेलनं मान हलवली. त्याचा चेहरा पुसट आला. माझा लख्ख."

एवढंच झालं होतं. पंधरा वर्षांनी, अडुसष्ट साली, एल्म हाऊसची शंभरी आली. तोवर लस निघाली होती, लुडविकचं नाव प्रत्येक डुकराच्या गोठ्यात पोचलं होतं. शताब्दीच्या पुस्तकासाठी जुने फोटो चाळताना कोणालातरी तो लख्ख चेहरा ओळखू आला. अरे, हा तर आपलाच! नामवंत बंधूंच्या यादीत नाव गेलं. पुस्तक टपालानं घरी आलं.

"मला वाटलं, पत्र लिहून कळवू. मग वाटलं, पुढच्या आवृत्तीत ते आपणच सुधारतील. मग बोलावणी येऊ लागली. पुढच्या दारानं आत नेलं मला. ज्या टेबलावर मी वाढायचो तिथं बसवलं." ते थांबले. "तुम्हाला खोटं सांगत नाही. फार बरं वाटलं."

"ही पण एवढी मोठी गोष्ट नाही," रीस म्हणाला. त्याच्या आवाजात आशा होती.

"पंच्याहत्तर साली वेन्डेलनं एल्म हाऊसला पत्र लिहिलं. रागानं नव्हे. लिहिलं की यादीत चूक आहे, लुड सभासद नव्हता, आम्ही दोघं मोरीवर होतो, आणि तो इतका मोठा झाला याचा मला आनंद आहे. त्यांनी त्या पत्राची नक्कल मला पाठवली. विचारलं, हे गृहस्थ कोण?"

"मग?"

म्हाताऱ्यानं पाठ असलेली कविता म्हणावी तसं म्हणून दाखवलं:

*महोदय, आपल्या पत्रात उल्लेखिलेले श्री. वेन्डेल टिबेट माझ्या परिचयाचे नाहीत. कळावे. आपला, लु. जे. व्होंड्राचेक.*

"नऊ कागद फाडले. दहाव्यावर जमलं."

मार्लाचे हात नाडीवरून निघाले. ती उठली आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. सकाळपासून ती वडिलांच्या बाजूनं भांडत होती, भांडी घासणाऱ्या पोराच्या बाजूनं. आता त्या एका पोराचे दोन झाले होते आणि तिला एकाचीच बाजू घेता येत होती.

"का?" तिनं काचेला विचारलं.

"कर्टचा अर्ज जायचा होता पुढच्या वर्षी. त्याला दुसरं काही नकोच होतं. भिंतीवर एल्म हाऊसचा झेंडा लावून झोपायचा."

म्हणजे माझ्यासाठी, कर्टिसला वाटलं. माझ्या गळ्यात घातलंत तुम्ही हे. मी सतरा वर्षांचा होतो. तो हे बोलला नाही.

"आता सांगा," लुडविक म्हणाले. "मी आज उठून सांगू का? तुम्ही म्हणाल ते."

"सांगा," मार्ला म्हणाली.

"नका सांगू, देदा," रीस म्हणाला. "प्लीज."

मग तिघंही कर्टिसकडे बघू लागले.

"तुम्हाला योग्य वाटेल ते करा, ताता," कर्टिस म्हणाला.

मार्ला हसली. ते हसू फार वाईट होतं. "हाच आपला कर्ट," ती म्हणाली.

*

एल्म हाऊसच्या जेवणघरात साठेक पुरुष आणि वीसेक बायका होत्या. हॅम, सायीतले बटाटे, हिरव्या जेलीत गोठवलेली फळं. लांब भिंतीवर पंधरा पाट्या: दोन सिनेटर, एक जनरल, टीव्हीवर अकरा वर्षं डॉक्टर झालेला नट, केचपच्या बाटलीचं झाकण शोधून काढणारा एक, बाकीचे बँकवाले. सोळाव्या जागी निळं कापड.

हॅल स्टिक्नी उठला. माजी बंधूंच्या मंडळाचा चिटणीस, विम्याचा धंदा, लाल कोट. "मित्रांनो, आपल्या भिंतीवर कायदे करणारे आहेत, लढाया करणारे आहेत. पण अख्ख्या आयोवाचा नाश्ता वाचवणारा एकच आहे!"

हशा. कोणीतरी डुकरासारखं फुरफुरलं. पुन्हा हशा. कापड निघालं, टाळ्या झाल्या, आणि लुडविक टेबलाची कड धरून उभे राहिले.

कर्टिसनं काट्याकडे नजर लावली. त्याच्या उजव्या हाताला रीस, समोर मार्ला.

"ही पाटी खोटी आहे," म्हातारा म्हणाला. आवाज बारीक, पण शेवटपर्यंत पोचला. "मी या घराचा बंधू कधीच नव्हतो. मी तिकडे," त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं, "पातेली घासायचो. तीन वर्षं. फोटोत जागा भरायला उभं केलं होतं मला. माझ्याबरोबर वेन्डेल टिबेट होता. त्यानं तुम्हाला खरं कळवलं तेव्हा मी लिहिलं की मी त्याला ओळखत नाही. ओळखत होतो. एवढंच."

मागच्या टेबलावर कोणीतरी, हा विनोद असावा अशा समजुतीनं, एकट्यानंच हसून बघितलं आणि थांबला.

कर्टिसला वाटलं, आता जमीन फाटेल. ती फाटली नाही. हॅल स्टिक्नी टेबलाला वळसा घालून आला आणि त्यानं म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"डॉक्टर," तो मायेनं म्हणाला, "आम्हाला माहीत आहे हो."

"काय माहीत आहे?"

"सगळं. टिबेटांचं पत्र आमच्या कपाटात आहे. तुमचंही. त्या वेळच्या चिटणीसांनी जुनी हजेरीपुस्तकं तपासली होती, तुमचं नाव कुठंच नव्हतं. पण ते म्हणाले, असू द्या. आपल्याकडे शास्त्रज्ञ नव्हता ना एकही!" तो लोकांकडे वळला. "काय मंडळी? कोणाला फरक पडतो?"

"नाही!" मंडळी म्हणाली. आता मनापासून टाळ्या पडल्या, मघापेक्षा जास्त. कोणी शिट्टी वाजवली. रीसनं डोळे मिटून श्वास सोडला आणि बापाच्या गुडघ्यावर हात दाबला. वाचलो, असं तो हात म्हणत होता.

लुडविक तसेच उभे होते. पन्नासाहून जास्त वर्षं जे उराशी दाबून ठेवलं, ते या लोकांच्या कपाटात बिलांच्या शेजारी पडून होतं.

"आणि वेन्डेल?" त्यांनी विचारलं.

"हां, त्यांचं पुढं काय झालं?"

"भट्ट्या दुरुस्त करायचा. डेकोराला. वीस वर्षं झाली जाऊन."

म्हणजे तातांना पत्ता ठाऊक होता, कर्टिसच्या मनात आलं. सगळा वेळ ठाऊक होता.

"वाईट झालं," हॅल म्हणाला, आणि तेवढ्याच दमात, "पण तुमचं आपण आत्ता दुरुस्त करू! अध्यक्ष इथंच आहेत." अध्यक्ष म्हणजे एकवीस वर्षांचा ग्रेसन नावाचा लालबुंद मुलगा, त्यानं मान डोलावली. "शपथेला वीस मिनिटं लागतात. डॉक्टर, आज, इथं, रीतसर बंधू व्हा. पाटी आपोआप खरी होईल. काय म्हणता?"

नाही म्हणा, कर्टिसला वाटलं. ताता, आत्ता नाही म्हणा, मी तुम्हाला उचलून घरी नेईन.

"आत्ता होईल?" लुडविकनी विचारलं.

त्यांचा चेहरा! त्र्याण्णव वर्षांचा तो चेहरा असा उजळला की कर्टिसला दुसरीकडे बघावं लागलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आतली गाणी ऐकणारा, हात साबणात, एकोणीस वर्षांचा कोणीतरी त्या सुरकुत्यांतून बाहेर बघत होता. त्याला वेन्डेल आठवत नव्हता. त्याला फक्त आत यायचं होतं.

"बायकांनी कृपा करून बागेत जावं," ग्रेसन म्हणाला. "कॉफी तिकडेच मिळेल."

मार्ला उठली. वडिलांकडे तिनं बघितलं नाही. जाता जाता भावाच्या खुर्चीमागे थांबली आणि वाकून म्हणाली, "तुला योग्य वाटेल ते कर हं, कर्ट."

दारं लागली.

ग्रेसन पुढे आला. एल्म हाऊसची मत घ्यायची रीत जुनी आहे. हात वर करत नाहीत, चिठ्ठ्या टाकत नाहीत. अध्यक्ष तीनदा विचारतो, आणि तीनदा शांतता झाली की माणूस आत. एक जरी बोलला तरी नाही. कारण द्यावं लागत नाही.

"लुडविक व्होंड्राचेक यांच्याबद्दल कोणाची हरकत?"

शांतता. कोणाच्यातरी खुर्चीचा पाय वाजला.

"लुडविक व्होंड्राचेक यांच्याबद्दल कोणाची हरकत?"

शांतता. म्हातारा ताठ उभा होता. कोटाचं बटण त्यांनी लावून घेतलं होतं.

कर्टिसला वाटलं, ही शांतता आपण ओळखतो. याच शांततेत आपण वाढलो. तिच्यावर जेवलो, तिच्यावर लग्न केलं, मुलगा वाढवला आणि त्यालाही तीच खायला घातली.

"लुडविक व्होंड्राचेक यांच्याबद्दल कोणाची—"

"माझी आहे."

आवाज पोरकट, चिरका निघाला. साठ माथी वळली. तो उभा राहिला होता, हे त्याला गुडघा टेबलाला आपटल्यावर कळलं.

"डॅड," रीस कुजबुजला. "डॅड, बस. बस ना खाली."

"कर्ट?" हॅल हसत होता, अजून. "अरे, वडील आहेत ते तुझे."

"हो. माझी हरकत आहे." त्याला वेन्डेल टिबेटचं नाव घ्यायचं होतं. त्या कोटाचं, त्या तीन आठवड्यांच्या पातेल्यांचं बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच: "मलाही तुम्ही मत न घेता आत घेतलंत. याच खोट्यावर. आणि माझ्या मुलालाही." मग शब्द संपले आणि तो उभाच राहिला.

लुडविक सावकाश खाली बसले. कोणीतरी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. ते प्याले नाहीत, पण "आभारी आहे" म्हणाले.

*

गाडी मार्लानं चालवायला घेतली. म्हातारा पुढं, कर्टिस मागं. सामन्याला निघालेल्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता. रीस आतच राहिला होता. त्याच्यासाठी ते फुटपाथला गाडी लावून थांबले.

"झालं काय आत?" मार्लानं विचारलं.

"माझं नाव पडलं," लुडविक म्हणाले.

"कोणी पाडलं?"

मार्लानं आरशातून भावाकडे बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिली. तिच्या डोळ्यांत शाबासकी नव्हती. त्याला ती नकोही होती.

"कर्ट," म्हातारा पुढे बघतच म्हणाला. "हरकत कोणावर होती? त्यांच्यावर की माझ्यावर?"

"माहीत नाही, ताता."

"वेन्डेलसाठी म्हणालास?"

"म्हणायला आवडलं असतं. पण तुम्ही सकाळी म्हणालात ना, माझ्यासाठी केलं म्हणून. ते डोक्यात होतं. त्याचा राग होता. वेन्डेलचं नावसुद्धा तोंडात आलं नाही माझ्या."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "मी तुझ्या जागी असतो तर गप्प बसलो असतो," तो म्हणाला. हे कौतुक होतं की तक्रार, ते कर्टिसला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात रीस हिरवळीवरून येताना दिसला. धावत नव्हता. लाल टाय सैल केलेला. कर्टिसनं काच खाली केली आणि दार उघडायला हात घातला, पण पोरगा दाराशी आला आणि बाहेरूनच दारावर तळवा ठेवून उभा राहिला.

"मी येत नाही."

"काय म्हणतायत ते?"

"तुझंच म्हणणं म्हणतायत. हॅल म्हणाला, कर्टिसचं एका अर्थी बरोबर आहे, आपण नियमानं वागू." रीसचे ओठ थरथरत होते, तो ते दाताखाली धरत होता. "तुझं नाव ते काढत नाहीत, तू जुना झालास. पण माझ्यावर मत घ्यायचंय. रीतसर."

"कधी?"

"आत्ता. मला फक्त पाच मिनिटं दिलीत."

"रीस, तुला नको असेल तर—"

"मला हवंय, डॅड." तो पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघून बोलला. "मला लाज वाटते, पण मला हवंय. माझे मित्र आहेत ते." मग त्यानं वाकून आजोबांकडे बघितलं. "देदा, बरे आहात ना?"

"मी ठीक आहे. जा तू. पाठ सरळ ठेव," म्हातारा म्हणाला.

तो गेला. व्हरांड्याच्या पायऱ्या चढला, दार उघडलं, दार मिटलं.

मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. मार्लानं हात बाहेर काढून तिला पुढं जायला सांगितलं आणि इंजिन बंद केलं. आत साठ पुरुष बसले होते. पहिला प्रश्न आता विचारला गेला असेल. कर्टिसनं दोन्ही हात गुडघ्यांत दाबले, आणि त्या साठांतल्या एकेकाला, हॅलला, ग्रेसनला, ऑक्सिजनवाल्या हार्लनला, ज्यांची नावंही ठाऊक नव्हती त्या पोरांना, तो मनातल्या मनात हात जोडून विनवू लागला: गप्प बस, बाबा. गप्प बस. काही बोलू नकोस.